वाफ्याच्या काठची गुलबक्षी

मोगरा, जाई, गुलाब, कमळ या फुलांना आपल्याकडे मोठा मान आहे. देवघरात, वेणीत आणि कवितेत त्यांची जागा ठरलेली असते. परंतु काही फुलझाडे अशी असतात की, त्यांना कोणी मुद्दाम बोलावीत नाही आणि कोणी हाकलूनही देत नाही. मोरीच्या ओलीवर, विहिरीच्या कठड्याशी, परसातील कुंपणाच्या कडेला ती मुकाट्याने वाढतात. गुलबक्षी ही त्यांपैकीच एक. कोणी तिला गुलबास म्हणतात, तर कोणी गुलबाशी.

या साध्या झुडपाचा खरा सन्मान केला तो कापडाच्या बाजाराने. साडीच्या दुकानात जाऊन ‘गुलबक्षी रंग दाखवा’ असे म्हटले, तर दुकानदाराला अधिक काही सांगावे लागत नाही. गुलाबी आणि जांभळा यांच्या मधला तो झळझळीत रंग सर्वांच्या ओळखीचा असतो. ज्या फुलाने एका रंगाला आपले नाव दिले, ते फूल मात्र किती जणांनी थांबून, निरखून पाहिले असेल?

गुलबक्षीची फुले एकरंगी असतात, तशीच चितकबरीही असतात. पिवळ्या पाकळीवर तांबडे शिंतोडे, पांढऱ्या पाकळीवर गुलाबी रेघा, तर कधी अर्धे फूल पिवळे आणि अर्धे लाल! वाफ्याच्या काठाला लावण्यासाठी ही चितकबरी गुलबक्षी फार चांगली. ती थोड्या जागेत मावते, थोड्या पाण्यावर जगते आणि एकदा रुजली की वर्षानुवर्षे त्याच जागी पुन्हा उगवते.

सोलापूर हे अवर्षणप्रवण भागातील शहर. येथे पाऊस बेताचाच पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एप्रिल-मे महिन्यांत उष्णतामान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. शहराच्या आसपासची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकट होते. भवानी पेठेसारख्या जुन्या आणि दाट वस्तीत तर घरापुढे अंगण असलेच, तर ते हातभर. अशा ठिकाणी नाजूक फुलझाडांचे कौतुक परवडत नाही. पाण्याचा हंडा आधी स्वयंपाकघरात जातो. उरलेसुरले झाडांच्या वाट्याला येते. म्हणून येथे बाग करावयाची, तर या उन्हापाण्याशी जुळवून घेणारे झाड निवडले पाहिजे. गुलबक्षी तसे झाड आहे.

वास्तविक ती मूळची आपल्या देशातील नव्हे. तिचे माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात. सोळाव्या शतकात ती तेथून युरोपात गेली आणि पुढे जगभर पसरली. इंग्रजीत तिला ‘पेरू देशाचे आश्चर्य’ अशा अर्थाचे नाव आहे. ‘चार वाजताचे फूल’ असेही म्हणतात. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली तिला ‘मिराबिलिस जलापा’ हे शास्त्रीय नाव दिले. ‘मिराबिलिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आश्चर्यकारक’. आपल्याकडील पुनर्नवा आणि कुंपणावर फुलणारी बोगनवेल ही दोन्ही तिच्याच कुळातील.

गुलबक्षीचे झुडूप साधारणपणे दोन ते तीन फूट उंच होते. खोड रसाळ असून सांध्यांजवळ फुगीर असते. पाने समोरासमोर येतात. ती टोकदार आणि गुळगुळीत असतात. फांद्यांच्या टोकाशी कळ्यांचे झुबके लागतात. उन्हे उतरू लागली, म्हणजे दुपारी चारच्या सुमारास या कळ्या उमलू लागतात. फूल कर्ण्याच्या आकाराचे. खाली बारीक लांब नळी आणि वर पसरट तोंड. आपण ज्यांना तिच्या पाकळ्या म्हणतो, त्या शास्त्राच्या दृष्टीने पाकळ्या नसून रंगीत झालेली निदले आहेत. या निदलांतील रंगद्रव्ये बीटच्या कंदाला लाल रंग देणाऱ्या रंगद्रव्यांच्याच गटातील आहेत.

संध्याकाळीच फुलण्यात या झाडाचा हेतू आहे. फुलाच्या लांब नळीच्या तळाशी मध असतो. तो मिळविण्यास लांब सोंड हवी. तशी सोंड असलेले पतंग दिवस मावळल्यावर बाहेर पडतात. त्यांना बोलाविण्यासाठी फूल त्या वेळी सुगंध सोडते. पतंग फुलासमोर हवेत तरंगत राहतो, सोंड आत घालतो आणि जाताना अंगाला चिकटलेले परागकण घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातो. पतंग आलाच नाही, तरी फुलाचे काम अडत नाही. मिटताना त्याचे पुंकेसर आणि कुक्षी आतल्या आत गुंडाळले जातात, एकमेकांस स्पर्श करतात आणि त्याच फुलाचे पराग त्याच फुलाच्या उपयोगी पडतात. दुसऱ्या दिवशी ऊन चढले की फूल मिटते. आभाळ भरून आले असेल, तर ते अधिक वेळ उघडे राहते.

प्रत्येक फुलामागे एकच काळे, सुरकुतलेले बी धरते. ते दिसावयास थेट काळ्या मिऱ्यासारखे. मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गुलबक्षीचे बी आणि मूळ विषारी आहे. लहान भावंडे ते मिरे समजून तोंडात घालणार नाहीत, याची काळजी मोठ्या भावंडांनी घ्यावी आणि बिया हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

आता लागवडीकडे वळू. गुलबक्षीला बियाणे विकत आणावे लागत नाही. ज्याच्या दारी झाड आहे, त्याच्याकडे मूठभर बिया मागाव्यात. कोणी नाही म्हणत नाही. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली म्हणजे वाफा तयार करावा. अंगणाच्या कडेची एक हात रुंदीची पट्टीही पुरते. काळ्या मातीत पाणी साचून राहते आणि साचलेल्या पाण्यात गुलबक्षीचे मूळ कुजते. म्हणून त्या मातीत थोडी वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे व वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावा.

बिया रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी त्या बोटाच्या एका पेराइतक्या खोल टोचाव्यात आणि दोन बियांमध्ये एक ते दीड फूट अंतर सोडावे. हे अंतर पाहून प्रारंभी वाफा रिकामा वाटतो आणि मध्ये आणखी बिया टोचण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण दाटीत वाढलेली झुडपे एकमेकांना ढकलीत उंच होतात आणि पावसाच्या पहिल्या जोरदार सरीने आडवी पडतात. एक-दोन आठवड्यांत दोन रुंद दले घेऊन रोप वर येते. ते वीतभर झाले म्हणजे त्याचा शेंडा खुडावा. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, झुडूप बसके आणि भरदार होते व वाफ्याचा काठ नीटनेटका दिसतो. जूनमध्ये पेरलेल्या बियांना दोन-तीन महिन्यांत, म्हणजे गणेशोत्सवाच्या सुमारास, फुले येऊ लागतात.

पाणी बेताने द्यावे. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी या झुडपांना चालते. त्यासाठी वेगळा हंडा रिता करावा लागत नाही. खतही बेतानेच द्यावे. अति खताने पाने माजतात आणि फुले रुसतात. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा या उष्ण प्रदेशात उत्तम. बी पिकून खाली पडते आणि आपोआप रुजते. ती जादा रोपे वेळीच उपटली नाहीत, तर काठची गुलबक्षी वाफ्याच्या मध्यभागी येऊन बसते आणि इतर झाडांना जागा उरत नाही. जादा बिया माळावर किंवा ओढ्याकाठी फेकू नयेत. परदेशातून आलेले काटक झाड मोकाट सुटले, तर तेथील मूळच्या वनस्पतींना ते अडचणीचे होते.

चितकबऱ्या गुलबक्षीचा खरा प्रश्न याच्या पुढेच आहे. समजा, तुम्हांला एका झुडपावरील पिवळी-तांबडी फुले फार आवडली आणि तुम्ही त्याच झुडपाचे बी गोळा करून पुढच्या वर्षी पेरले. सगळी रोपे तशीच होतील काय? नाही. काही चितकबरी होतील, काही निव्वळ पिवळी, काही निव्वळ तांबडी. इतकेच नव्हे, तर मूळ झुडपावरची दोन फुलेदेखील एकसारखी नसतात.

सोलापूरच्या मुलांना ही गोष्ट विशेष नवलाची वाटावी. भवानी पेठेच्या आसपास चादरींचे आणि टॉवेलांचे कारखाने आहेत. सोलापुरी चादरीवरील नक्षी जकार्ड मागावर विणतात. त्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. कोणता धागा वर उचलावयाचा आणि कोणता खाली ठेवावयाचा, याची आज्ञा त्या छिद्रांतून मिळते. म्हणून एक चादर विणा की शंभर विणा, नक्षी तीच राहते. गुलबक्षीचा माग मात्र निराळा! तेथे रंग करण्याची आज्ञा काही पेशींत मधेच बदलते. जी पेशी बदलते, तिच्यापासून निर्माण होणाऱ्या सर्व पेशी तिच्याच रंगाच्या होतात. हा बदल कळी अगदी लहान असताना झाला, तर अर्धे फूल वेगळ्या रंगाचे होते. कळी मोठी झाल्यावर झाला, तर बारीक रेघ किंवा ठिपका उमटतो. बदल केव्हा होईल आणि कोठे होईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून तीच नक्षी दुसऱ्यांदा विणली जात नाही.

मग आवडते झुडूप राखावयाचे कसे? त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. गुलबक्षीचे मूळ जाड, कंदासारखे असते आणि वर्षागणिक ते मोठे होत जाते. बियांतून निघणारे रोप हे नवे मूल असते. परंतु या कंदातून फुटणारा कोंब म्हणजे तेच जुने झाड असते. म्हणून फुले असतानाच आवडत्या झुडपाच्या बुंध्याला रंगीत दोरा सैलसर बांधून खूण करावी. फुले गेल्यावर सगळी झुडपे सारखीच दिसतात आणि मग खूण नसेल, तर चांगले झुडूप ओळखता येत नाही.

या खुणेचा उपयोग उन्हाळ्यात कळतो. माघ-फाल्गुनानंतर पाणी कमी पडले की पाने पिवळी पडतात, फांद्या वाळतात आणि चैत्र-वैशाखात वाफ्याच्या काठावर काटक्यांखेरीज काहीच दिसत नाही. ‘झाड मेले’ असे म्हणून पुष्कळ लोक ते उपटून टाकतात आणि पाच वर्षे पोसलेला कंद कचऱ्याच्या गाडीत जातो. शहाण्या माळ्याने वाळलेल्या फांद्या जमिनीपासून चार बोटांवर कापाव्यात, वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि वाट पाहावी. आठ-पंधरा दिवसांतून एखादा तांब्या पाणी मिळाले, तरी पुष्कळ झाले. झाडाने आपली सारी पुंजी खाली सुरक्षित ठेवलेली असते. पाऊस पडला की त्या उजाड जागेतून तांबूस-हिरवे कोंब डोके वर काढतात. जे वर दिसत नाही ते नाहीच, असे समजू नये, हा धडा हा वाफा दरवर्षी देतो.

घराशेजारच्या या झुडपाने शास्त्रज्ञांनाही मोठे धडे दिले आहेत. वाटाण्यावरील प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रेगोर मेंडेल यांनी गुलबक्षीवरही प्रयोग केले होते. बी धरण्यास एकच परागकण पुरतो काय, हे त्यांनी गुलबक्षीच्या फुलात एकेक परागकण ठेवून पाहिले आणि तो पुरतो असे त्यांना आढळले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी १९०० साली मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम पुन्हा उजेडात आणण्यात मोठा वाटा उचलला. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या शुद्ध जातींचा संकर केला, तर गुलाबी फुलांची संतती होते, हे दाखविणारे गुलबक्षीचे उदाहरण आजही शास्त्राच्या पुस्तकांत देतात.

कॉरेन्स यांचे लक्ष पुढे एका चितकबऱ्या पानांच्या गुलबक्षीने वेधून घेतले. तिच्या काही फांद्या पूर्ण हिरव्या, काही पूर्ण पांढरट आणि काही हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या होत्या. पांढऱ्या पानांत हरितद्रव्य नसते, म्हणून ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाहीत. त्याच झाडाच्या हिरव्या पानांनी केलेल्या अन्नावर पांढरी फांदी जगते आणि फुलतेही. कॉरेन्स यांनी प्रत्येक प्रकारच्या फांदीवरील फुलांना इतर प्रकारच्या फांद्यांवरील पराग दिले आणि बिया वेगवेगळ्या पेरल्या. हिरव्या फांदीच्या बियांतून हिरवीच रोपे आली, मग पराग कोणत्याही फांदीचे असोत. पांढऱ्या फांदीच्या बियांतून पांढरीच रोपे आली. बियांतील शिदोरी संपताच ती बिचारी मरून गेली. चितकबऱ्या फांदीच्या बियांतून मात्र तिन्ही प्रकारची रोपे आली. म्हणजे पानांचा हा गुण पित्याकडून येत नव्हता. तो केवळ मातेकडून येत होता. १९०९ साली कॉरेन्स यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढील संशोधनाने त्याचे कारण उलगडले. हरितद्रव्य धारण करणारे सूक्ष्म कण रोपाला मातेच्या बीजपेशीतून मिळतात. परागकण ते आणीत नाही. आनुवंशिकतेच्या अभ्यासात एक नवे दालन उघडले, ते या मोरीकाठच्या झुडपाने!

कॉरेन्स यांनी काय केले? त्यांनी कोणत्या फांदीचे बी कोणते, हे मिसळू दिले नाही. खूण केली, नोंद ठेवली आणि बी रुजेपर्यंत धीर धरला. या तिन्ही गोष्टी तुम्हांलाही करता येतील. वहीचे एक पान गुलबक्षीसाठी राखून ठेवा. पहिली कळी किती वाजता उमलली, त्या दिवशी ऊन होते की आभाळ, एका झुडपावर एकरंगी फुले किती आणि चितकबरी किती, हे रोज लिहा. पिवळ्या झुडपाचे, तांबड्या झुडपाचे आणि चितकबऱ्या झुडपाचे बी तीन वेगळ्या पुड्यांत बांधून त्यांवर तारीख घाला. पुढच्या पावसाळ्यात तीन ओळींत ते पेरा. कोणत्या ओळीत काय उगवेल, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते तुमच्या वाफ्यालाच माहीत असेल.

संध्याकाळी शाळेतून परत याल, तेव्हा काठची गुलबक्षी नुकतीच उमलू लागलेली असेल. दप्तर ठेवा, पाय धुवा आणि ते पाणी वाया न घालविता वाफ्यात जाऊ द्या. मग क्षणभर वाकून पाहा. आज उमललेले फूल कालच्यासारखे नाही आणि उद्याचे आजच्यासारखे नसेल.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) गुलबक्षी संध्याकाळी फुलते. यामागे तिचा कोणता हेतू आहे?
(आ) काळ्या मातीत वाळू मिसळून वाफा उंच का करावा?
(इ) चितकबरे झुडूप राखण्यासाठी बियांपेक्षा कंद अधिक उपयोगी का?

२. सविस्तर उत्तर लिहा.
जकार्ड मागावरील नक्षी आणि गुलबक्षीच्या फुलावरील नक्षी यांतील फरक स्पष्ट करा.

३. कारण सांगा.
पांढऱ्या फांदीच्या बियांतून आलेली रोपे मरतात; परंतु पांढरी फांदी मात्र जगते.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
मोह आवरणे, लक्ष वेधून घेणे, डोके वर काढणे, वाटा उचलणे.

५. उपक्रम.
तुमच्या परिसरात कोणीही मुद्दाम न लावलेले एक फुलझाड शोधा. आठ दिवस त्याचे निरीक्षण करा आणि त्यावर दहा ओळी लिहा.